वर्दी कधी उतरवावी: मधेच की पूर्ण सेवेनंतर? निवडणुकीच्या वाटेवरच्या नौदल अधिकाऱ्यासाठी तुलना

निवडणूक लढवायचीच, असं ज्या नौदल अधिकाऱ्याचं मनोमन ठरलंय, त्याच्यापुढे खरा पेच वेळेचा असतो. शॉर्ट सर्व्हिसची (म्हणजे ठरावीक मुदतीच्या कमिशनची) दहा ते चौदा वर्षं संपवून पस्तिशीच्या आसपास बाहेर पडायचं, की पूर्ण सेवा करून पन्नाशीच्या मध्यावर, हुद्दा आणि पेन्शन घेऊन? लोक या दोन्हींची तुलना हुद्दा आणि पैसा यांवर करतात. माझ्या मते ती आधी मतदारयादीवर करायला हवी.

पण त्याआधी दोघांनाही सारखीच लागू असलेली एक अडचण सांगतो, कारण ती बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. सेवेत असताना राजकारण करता येत नाही. नौदल अधिनियम, १९५७ राजकीय संघटना आणि सभांपासून दूर ठेवतो, आणि लाभाच्या (म्हणजे सरकारी पगाराच्या) पदाची संविधानातली तरतूद (लोकसभेसाठी कलम १०२, विधानसभेसाठी १९१) उमेदवारीच्या आड येते. सेवामुक्ती हातात असल्याशिवाय अर्ज छाननीत टिकणार नाही. आता वेळेचं गणित बघा. अधिसूचना निघाल्यापासून अर्ज भरायला साधारण आठवडा मिळतो, दुसऱ्या दिवशी छाननी. पक्षाचं तिकीट अनेकदा याच आठवड्यात, कधी शेवटच्या रात्री जाहीर होतं. उलट मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज वरिष्ठांकडून मुख्यालयात आणि तिथून पुढे सरकायला काही महिने सहज जातात, आणि तो मंजूर होईलच असंही नाही. म्हणजे तिकिटाची खात्री झाल्यावर नौदल सोडू, हा मार्ग मुळात अस्तित्वातच नाही. सोडायचं ते तिकिटाविना. सेवा संपल्यानंतर निवडणुकीसाठी थांबण्याची सक्तीची मुदत नाही, एवढाच काय तो दिलासा.

लवकर बाहेर पडण्याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या जिमी कार्टर यांचं. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून १९४६ मध्ये बाहेर पडलेला हा अधिकारी पाणबुड्यांवर होता, पुढे नौदल अधिकारी हायमन रिकोव्हर यांच्या अणुपाणबुड्यांच्या कार्यक्रमात गेला. १९५३ मध्ये वडील वारले आणि नौदलातली बढती सोडून तो जॉर्जियातल्या प्लेन्स गावी भुईमुगाच्या शेतीत परतला. पण लगेच मोठ्या निवडणुकीत उडी घेतली नाही. आधी शाळा मंडळ, मग १९६२ मध्ये राज्याची सिनेट. तिथेही एका मतदान केंद्रावरच्या बनावट मतांविरुद्ध झगडावं लागलं. १९६६ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक हरला, १९७० मध्ये जिंकला आणि १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. लवकर निघाल्याचा खरा फायदा इथे दिसतो: हरायला वेळ होता. पंचावन्नाव्या वर्षी पहिली निवडणूक हरणाऱ्याला पुढची पाच वर्षं मतदारसंघात टिकून राहणं फार जड जातं.

याची किंमतही मोठी आहे. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षांची सेवा लागते, शॉर्ट सर्व्हिसवाल्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. मुलं शाळेत, घराचे हप्ते चालू, आणि महाराष्ट्रात उमेदवाराच्या प्रचारखर्चाची मर्यादाच विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. एवढा खर्च करणं सक्तीचं नाही, पण समोरचा किती करू शकतो याचा अंदाज त्यावरून येतो. उत्पन्नाचा दुसरा आधार नसलेला उमेदवार देणगीदाराच्या हातात जातो. ज्या स्वच्छपणाच्या भरवशावर लोक वर्दीतल्या माणसाकडे बघतात, तो इथेच पणाला लागतो. म्हणून मी लवकर निघणाऱ्याला आधी घरखर्चाची सोय बघायला सांगेन, भाषणं नंतर.

उशिरा निघणाऱ्याचं उदाहरण म्हणून अमेरिकी नौदलातले वैमानिक आणि पुढे राजकारणी झालेले जॉन मॅकेन यांचं नाव घेतलं जातं. १९६७ मध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये विमान पडलं, साडेपाच वर्षं कैदेत काढली, १९८१ मध्ये कॅप्टन हुद्द्यावर निवृत्ती, आणि १९८२ मध्ये ॲरिझोनातून थेट प्रतिनिधीगृहात. हा वेग बघून भुलू नका. शेवटच्या काही वर्षांत ते सिनेटमध्ये नौदलाचे संपर्क अधिकारी होते, त्यामुळे अनेक नेते त्यांना जवळून ओळखत होते, आणि ॲरिझोनात पत्नीच्या माहेरचं व्यवसायाचं बळ पाठीशी होतं. तरीही प्रचारात त्यांना एकच टोला सतत बसत राहिला: हा माणूस इथला नाही. जन्मापासून नौदलाच्या बदल्यांत वाढलेल्या माणसावर हा आरोप होणारच होता.

आपल्याकडच्या अधिकाऱ्यावर तो अधिक तीव्रतेने होईल. विशाखापट्टणम, कोची, कारवार, मुंबई, मधे दिल्ली, मग पुन्हा जहाज. गावातल्या लग्नाला, दहाव्याला, जत्रेला माणूस नाही. थलसेनेतून आलेल्यांना निदान साताऱ्या-कोल्हापुराकडच्या गावागावांतल्या माजी सैनिकांचं जाळं मिळतं. नौदल मुळात लहान, जिल्ह्याशी जोडलेल्या रेजिमेंट नाहीत, त्यामुळे तशी हक्काची माणसं मोजकीच. कायदा मात्र उदार आहे. देशातल्या कोणत्याही मतदारसंघात नाव असलं की लोकसभा बहुतेक ठिकाणांहून लढवता येते, विधानसभेसाठी त्या राज्याच्या यादीत नाव पुरतं. जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत इथे मात्र तिथल्याच यादीत नाव हवं. ज्याला खालून सुरुवात करायची, त्याला गाव आधीच निवडावं लागतं.

कामाच्या बाबतीत उशिरा निघणारा सरस ठरतो. ज्याने जहाजाची कमांड केली, डॉकयार्डातली दुरुस्ती वेळेत करून घेतली, पूर-वादळात मदतीची मोहीम चालवली, त्याला प्रशासन कुठे अडतं हे नेमकं कळतं. पण त्याची सवयही पक्की झालेली असते. नौदलात आदेश लेखी असतो आणि जबाबदारी एकाच्या नावावर. पक्षात निर्णय कुठे झाला हेच कळत नाही, आणि सभागृहात व्हिप (मतदानाबाबतचा पक्षादेश) मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने जागाही जाऊ शकते. तिशीतला माणूस हे शिकून घेतो. तीस वर्षं कॅप्टनच्या केबिनमधून बघितलेल्याला ते अपमानासारखं वाटू शकतं, आणि मग तो दोन वर्षांत चिडून घरी बसतो.

वर्दीचा प्रचारात उपयोग किती? दोघांनाही सांगतो, कमीत कमी. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये सैनिकांची छायाचित्रं प्रचारात वापरू नका असं पक्षांना बजावलं आहे. आणि आयोगाची सूचना बाजूला ठेवली तरी, नौदल सर्वांचं आहे. एका पक्षाच्या पोस्टरवर ते चिकटवणं मला मनापासून खटकतं.

तर निवड कशी करावी? मला स्वतःला दोन्ही टोकं पटत नाहीत. बाविसाव्या वर्षी कमिशन मिळालेल्याची वीस वर्षं बेचाळिसाव्या वर्षी पूर्ण होतात. पेन्शन पदरात पडते, कमांडर हुद्द्यापर्यंतचा अनुभव असतो, आणि एक-दोन पराभव पचवण्याइतका वेळ शिल्लक राहतो. मी माझ्या माणसाला हीच वेळ सुचवेन. अपवाद एकच: गावात घरच्यांचं काम आधीपासून रुजलेलं असेल आणि कमाईची सोय असेल, तर शॉर्ट सर्व्हिस संपल्यावरच निघावं. महिला अधिकाऱ्यांना ही वाट विशेष विचार करण्यासारखी आहे, कारण महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पंचावन्नाव्या वर्षी निघणाऱ्याने थेट लोकसभेचा हट्ट धरू नये. त्याच्यासाठी निवडणुकीबाहेरचीही जागा आहे. नौदलप्रमुखपदावरून १९९३ मध्ये निवृत्त झालेले ॲडमिरल रामदास अलिबागजवळ स्थायिक झाले, शांततेच्या चळवळीत राहिले आणि पुढे आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल होते. लोकसभा न लढवताही त्यांच्या शब्दाला वजन होतं.

वेळ कोणतीही निवडा, सेवामुक्तीनंतर पहिलं काम तहसील कचेरीतलं. सेवेत असताना नाव बहुधा सेवा मतदारांच्या यादीत असतं. ते साध्या यादीत आणण्यासाठी नमुना ६ भरावा लागतो. तो भरताना जो पत्ता द्याल, तिथे पुढची काही वर्षं खरंच राहणार आहात का, हे घरच्यांशी आधी बोलून घ्या.