सोलापूरच्या उन्हाळ्यात फ्रोझन पफ शीट: चार पाकिटं वापरल्यावरचा माझा अनुभव

माझे अण्णा बेकरीत खारीच्या टेबलावर तीस वर्षं उभे राहिले. त्यामुळे 'पफ पेस्ट्री शीट' छापलेलं पाकीट पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला ते परकं वाटलं नाही. आत खारीचंच पीठ होतं, लाटून, घड्या घालून, गोठवलेलं. आपण सोलापूरकर हे रोज खातो की. सकाळी चहात खारी बुडवतो, संध्याकाळी बेकरीतून गरम पॅटिस आणतो. तेच पीठ चौकोनी पसरायचं, वर भाजी आणि चीज लावायचं आणि उघडंच भाजायचं, की खारा टार्ट तयार. पदार्थ युरोपातला, पण त्याचा पाया आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेला आहे.

जानेवारीपासून मेपर्यंत मी चार पाकिटं वापरली. एक बटरचं, तीन वनस्पती तेलाची. ही तिन्ही 'सात रस्ता' चौकाजवळच्या फ्रोझन मालाच्या एका दुकानातून आणली. पाकीट अर्ध्या किलोचं, आत दोन शीट, प्रत्येक जवळपास वीतभराहून थोडी मोठी चौकोनी. किंमत 240 रुपये. एका शीटचे बारा तुकडे होतात, म्हणजे एका पाकिटात चोवीस. पाहुण्यांसाठी तेवढेच पॅटिस विकत आणायचे तर याहून जास्त पैसे जातात आणि घरी येईपर्यंत ते गारही होतात.

आधी दुकानाबद्दल. शीट घेताना मी पाकीट हाताने चाचपते. आतला माल सपाट, कडक आणि खुळखुळणारा हवा. दोन शीट एकमेकींना चिकटून वाकड्या झाल्या असतील किंवा पाकिटात बर्फाचा भुगा साठला असेल, तर तो माल कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला असतो, आणि अशी शीट कितीही भाजली तरी फुलत नाही. मार्चमध्ये मला असंच एक पाकीट मिळालं होतं. दुकानातल्या मुलाला दाखवलं तर त्याने वाद घातला नाही, डीप फ्रीजच्या तळातून दुसरं काढून दिलं आणि वरून म्हणाला, "काकू, पिशवीत नुसतं नेऊ नका, मी पेपरात गुंडाळून देतो." चार वर्तमानपत्रांत गुंडाळून, वर थंड पाण्याची बाटली ठेवून मी स्कूटीवर जुळे सोलापूरला आणलं. वाटेत दुसरी कामं करायची नाहीत, हे शेवटचं सामान.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. पाकिटावर छापलं आहे की शीट सामान्य तापमानाला 30 ते 40 मिनिटं ठेवावी. एप्रिलमध्ये मी तसंच केलं. त्या दिवशी बाहेर 42 अंश होतं, स्वयंपाकघरातल्या तापमापकात 36. अर्ध्या तासाने पाहिलं तर शीट प्लॅस्टिकला चिकटली होती, कड ओघळली होती, बोट लावलं की खळगा राहत होता. पीठ भुरभुरून कशीबशी उचलली, वर सगळं लावलं, भाजली. बाहेर काय आलं, तर चामट मैद्याची पोळी. विहीणबाई यायच्या होत्या. त्यांच्यासमोर मी तो टार्ट ठेवला नाही, घाईने उपीट केलं. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

हे का होतं, ते मला अण्णांमुळे कळतं. खारीच्या पिठात एक थर मैद्याचा, एक थर चरबीचा असतो. तीनपदरी घडी घालायची, लाटायची, पुन्हा तीनपदरी घडी. अशा सहा घड्या घातल्या की हिशेबाने चरबीचे 729 थर होतात. फ्रेंच लोक याच पिठाच्या एका मिठाईला 'मिल-फय' म्हणतात, म्हणजे हजार पानं, ते उगीच नाही. यात यीस्ट नसतं, सोडा नसतो. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती चरबीच्या थराखाली अडकते आणि वरचं पान उचलते. पण भट्टीत जाण्याआधीच चरबी वितळून मैद्यात मुरली, तर उचलायला पान उरतच नाही. बटर 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे एप्रिलमधल्या आपल्या ओट्यावर ते वितळणारच. वनस्पतीची चरबी थोडी जास्त टिकते, पण एवढ्या उकाड्यात तीही सैल पडते, माझ्या शीटचं तेच झालं. अण्णांच्या बेकरीत उन्हाळ्यात खारीचं पीठ रात्री दोननंतर लाटायला घ्यायचे, फरशीवर थंड पाण्याचं फडकं फिरवून, कोरडी करून. आई म्हणायची, उन्हाळ्यात तुझे अण्णा मला फक्त झोपलेलेच दिसतात.

म्हणून पाकिटावरचं वाक्य विसरायचं. माझी पद्धत आता ठरली आहे. आदल्या रात्री शीट डीप फ्रीजमधून खालच्या फ्रीजमध्ये ठेवायची. सकाळी ती घडीवर न तुटता उलगडण्याइतकी मऊ, पण बोटाला गार लागते. ओव्हन तापल्यावरच ती बाहेर काढायची. पत्र्यावर बटर पेपर घालून त्यावर शीट, आणि पाच मिनिटांत सगळं लावून आत. मध्येच हाक आली, फोन वाजला, तर पत्र्यासकट परत फ्रीजमध्ये. पंखा चालू ठेवायला हरकत नाही, पण गॅसच्या शेजारी काम करू नये.

बटरच्या शीटची गोष्ट वेगळी. ती मुलाने जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येताना पुण्याहून आणली, थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून, संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने. किंमत दुपटीहून जास्त. चवीत फरक आहे, खोटं कशाला सांगू. बटर तोंडाच्या उष्णतेने विरघळतं, म्हणून घास गिळला की टाळू स्वच्छ राहते. वनस्पती तेलाच्या शीटमधली चरबी मुद्दाम जास्त तापमानाला वितळेल अशी केलेली असते. तिचा फायदा हा की आपल्या उन्हात ती बटरपेक्षा जास्त टिकते, तोटा हा की टार्ट गार झाला की टाळ्याला मेणासारखा पातळ लेप बसतो. गरम खाल्ला तर तो फारसा जाणवत नाही, आणि वर टोमॅटो किंवा दह्याचं आंबट काही असेल तर अजिबात नाही. अण्णांच्या काळी डालड्याबद्दल जी भीती होती, ती थोडी कमी झाली आहे. जानेवारी 2022 पासून तेला-तुपात ट्रान्स फॅट, म्हणजे डालड्यातली ती हृदयाला वाईट चरबी, 2 टक्क्यांच्या वर चालत नाही. तरी हे रोजचं खाणं नाही, पाहुण्यांचंच आहे. माझं मत सरळ आहे: हिवाळ्यात मिळाली तर बटरची, मार्च ते जून वनस्पतीची.

मेमध्ये भिशी माझ्याकडे होती. आम्ही चौदाजणी. त्यातल्या तिघी जैन, त्यांना कांदा-लसूण नको. शेजारच्या अक्का पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, त्यांना तिखटाशिवाय काही गोड लागत नाही. म्हणून दोन शीटचे दोन टार्ट केले.

पहिल्यात मी आपली शेंगा चटणी घातली, आणि हे मला स्वतःला फार आवडलेलं काम आहे. अर्धा किलो दही फडक्यात चार तास टांगून चक्का केला. त्यात तीन चमचे चटणी, ती खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. मिक्सरची भुकटी घेऊ नये, ती चक्क्यात पिठासारखी बसते. हे मिश्रण शीटवर पातळ पसरलं, कडेला दोन बोटं जागा सोडून. वर टोमॅटोच्या चकत्या. चटणी वरून भुरभुरायचा मोह मला मार्चमध्ये झाला होता, तेव्हा 200 अंशाला तिच्यातला लसूण करपून कडू झाला. चटणी खालीच हवी.

टोमॅटोला आधी मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवायचं, मग फडक्याने टिपायचं. चार टोमॅटोंचं जवळजवळ पाऊण वाटी पाणी निघालं. ते टार्टवर गेलं असतं तर तळ भिजून लगदा झाला असता.

दुसऱ्यात ढोबळी मिरची, मक्याचे दाणे आणि पनीर. मिरची आणि मका आधी कढईत मोठ्या आचेवर कोरडे परतून पूर्ण गार केले. गरम भाजी शीटवर टाकली की तिथली चरबी जागच्या जागी वितळते. भाजून झाल्यावर वरून डाळिंबाचे दाणे आणि कोथिंबीर. आपल्या जिल्ह्याचं डाळिंब असताना ते ओव्हनमध्ये घालून सुकवण्यात काय अर्थ?

शीट कापण्याचं एक सांगते, कारण इथे बहुतेकजणी चुकतात. कडेपासून दोन बोटं आत सुरीच्या टोकाने चौकट आखायची, आरपार कापायची नाही. चौकटीच्या आत काट्याने दाट टोचायचं, म्हणजे वाफ निघून जाते आणि मधला भाग बसलेला राहतो. कड न टोचलेली असल्यामुळे ती उभी राहते. कडेला दूध लावायचं ते फक्त वरच्या बाजूला. ओघळ बाजूने खाली गेला की थर एकमेकांना चिकटतात आणि तेवढी कड वाकडी होते. शीटचे तुकडे करायचे असतील तर सुरी वरून खाली दाबायची, ओढायची नाही.

ओव्हन 200 अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, वीस मिनिटं आधी तापवलेला. दुसरा रिकामा पत्रा आतच ठेवून तापवते आणि टार्ट बटर पेपरसकट त्यावर सरकवते, त्यामुळे तळाला लगेच आच लागते. 24 मिनिटं. पंधरा मिनिटांच्या आत दार उघडायचं नाही. रंग फिका सोनेरी झाला की काढायचा मोह होतो, पण तो खारीसारखा तपकिरी होऊ द्यावा, आतले थर तेव्हाच सुकतात.

दुसरा टार्ट आत असताना लाईट गेली. दहाव्या मिनिटाला. मी दार उघडलं नाही, ओव्हनवर जाड चादर टाकावी असंही मनात आलं पण हात आवरला. बारा मिनिटांनी वीज आली. टार्ट फुलला, पण पहिल्याएवढा नाही, कड बोटभर कमी. चव ठीक होती. पाहुणे बसलेले असताना दोन्ही टार्ट एकामागून एक भाजायचे असतील तर एक आधीच भाजून ठेवावा आणि वाढताना 180 अंशावर पाच मिनिटं गरम करावा. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नाही, मऊ पडतो.

चिठ्ठी निघायच्या आधीच शेंगा चटणीचा टार्ट संपला. अक्का म्हणाल्या, "हे पॅटिस उघडंच का ठेवलंय गं? पण चटणी अजून घाल की." जैन मैत्रिणींपैकी एकीने पाकीट मागून हिरवा ठिपका आणि घटक स्वतः वाचले, मग दोन तुकडे खाल्ले. एकीने घरी मुलाला न्यायला मागितले. माझ्या भिशीत आजवर कुणी काही बांधून मागितलं नव्हतं.

शेवटचा तुकडा मी अण्णांसाठी काढून ठेवला होता. त्यांचं वय आता 81 आहे, दात कमी, कान मात्र शाबूत. खारी तपासायची त्यांची रीत म्हणजे ती कानाशी नेऊन मोडायची. त्यांनी टार्टची कड तशीच कानाशी मोडली. मी समोर उभी, दहावीच्या निकालाला उभी होते तशी. म्हणाले, "आवाज आहे. पीठ कुणी लाटलं?" मी म्हटलं, अण्णा, मशीनने. त्यांनी तुकडा उलटा करून तळ पाहिला, नखाने खरवडला. "घड्या बऱ्या आहेत. वरून चांगली झालीय, खालून भट्टी कमी पडली. पत्रा अजून तापव." मग खाल्ला, सगळा. डाळिंबाचे दाणे एकेक वेचून.

तळाबद्दल ते बरोबर बोलले होते. मी नंतर पत्रा खालच्या खाचेत ठेवून पाहिला, पहिली दहा मिनिटं 220 आणि मग 200. तळ कडक झाला. ज्यांच्याकडे लहान ओव्हन आहे त्यांनी हेच करावं.

आणखी एक तक्रार. दोन शीटच्या मधला प्लॅस्टिकचा कागद इतका पातळ आहे की तो फाटून त्याचे तुकडे पिठावर राहतात. उजेडात नीट पाहून काढावे लागतात. एवढ्या किमतीला जाड बटर पेपर द्यायला हवा. आणि मराठीत एक ओळही नाही, सूचना फक्त इंग्रजीत. माझ्या भिशीतल्या निम्म्याजणींना त्या मी वाचून दाखवल्या.

पाकीट एकदा उघडलं की उरलेली शीट हवाबंद पिशवीत डीप फ्रीजमध्येच ठेवा, आणि एकदा मऊ झालेली पुन्हा गोठवू नका. कडेच्या कापलेल्या पट्ट्या टाकू नका. त्या गोळा करून मळायच्या नाहीत, नाहीतर थर मोडतात. एकीवर एक सपाट रचून हलक्या हाताने लाटायच्या, वर जिरं, तीळ आणि जाडं मीठ, पीळ देऊन दहा-बारा मिनिटं भाजायच्या. अण्णांचा सकाळचा चहा सध्या त्यावरच चालला आहे. येत्या शनिवारी मी दोन पाकिटं आणणार आहे. दुकानातल्या मुलाला सांगून ठेवलंय, माल उतरला की त्याच दिवशी फोन कर.