इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला वाक्प्रचारांचा एक कोश मी गेले काही महिने मोबाइलवर नियमितपणे वापरत आहे. अर्थ कोणताही शब्दकोश सांगतो. या कोशाचे खरे मोल अर्थाखाली बारीक अक्षरांत दिलेल्या टिपांत आहे, आणि घाईत नेमक्या त्याच वाचायच्या राहून जातात.

‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे आणि ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे पाठ व्हायला वेळ लागत नाही. परंतु पहिल्याचा कर्मणी प्रयोग चालतो. ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ म्हटले तरी गुपित फुटल्याचेच कळते. दुसऱ्याची रचना तशी फिरवली, की मरणाचा अर्थ गळून पडतो आणि कोणीतरी खरोखरच बादलीला लाथ मारली, एवढेच उरते. शिवाय ‘किक द बकेट’ हा वाक्प्रचारच थट्टेच्या सुरातला असल्यामुळे शोकसंदेशात लिहिला तर अनर्थच व्हायचा. तेथे ‘पास अवे’ वापरावे, असे टीप बजावते. ‘अंडर द वेदर’ हा प्रयोग किरकोळ बरे नसण्यापुरताच आहे, गंभीर आजारासाठी नव्हे, हाही खुलासा तेथेच सापडला. दृष्ट लागू नये म्हणून म्हणायचे ‘टच वुड’ ब्रिटिश आणि त्याच अर्थाचे ‘नॉक ऑन वुड’ अमेरिकी, अशा जोड्याही दिल्या आहेत.

सरावाचा विभाग मात्र अगदीच सुमार आहे. चार पर्यायांतून अर्थ निवडण्याच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थी प्रत्यक्ष लिहिताना ‘द’ऐवजी ‘अ’ घालून ‘किक अ बकेट’ लिहू शकतो, आणि ही चूक पकडणारा एकही प्रश्न त्यात नाही. शोधाची सोयही तोकडी वाटते: ‘द कॅट इज आउट ऑफ द बॅग’ असे टाकल्यास काहीच हाती लागत नाही, केवळ ‘कॅट’ टाकले तर ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ (गुपित फोडणे) या मूळ रूपाची नोंद उघडते.

या वापराने माझ्या बोलण्यातले वाक्प्रचार वाढले नाहीत, उलट थोडे कमीच झाले. ऐकलेले आणि वाचलेले मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ उलगडते, आणि मला हा सौदा फायद्याचा वाटतो. नवशिक्यांना यातील उदाहरणवाक्येच जड जातील, त्यामुळे त्यांनी घाई करू नये. कामानिमित्त रोज इंग्रजी ईमेल लिहिणाऱ्यांनी हा कोश अवश्य घ्यावा, फक्त चाचण्यांच्या नादी लागू नये.