वूड डकच्या पेटीचा 36 इंची शंकू: वर्षभराने

व्हर्जिनियात आमच्या घरामागे तळं आहे, त्यात वूड डकसाठी, म्हणजे झाडाच्या ढोलीत घरटं करणाऱ्या रानबदकासाठी, खांबांवर दोन पेट्या. 3 बाय 4 इंची लंबगोल भोक, तळाला रंध्याचा कीस, पिल्लांना वर चढायला आतून जाळी, हे सगळं तुम्हाला माहीतच असणार. मला बोलायचंय ते अंडी खाणारे प्राणी वर चढू नयेत म्हणून खांबावर बसवतात त्या पत्र्याच्या शंकूबद्दल. खरं तर त्याच्यासोबत आलेल्या, त्याला खांबाला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पबद्दल.

शंकू 42 डॉलरचा, शिपिंग वेगळं. फेब्रुवारीत बसवला. मार्चअखेर मादी आली, एप्रिलच्या मध्याला एकदाच झाकण उघडून मोजली तर 11 अंडी. बायकोला म्हटलं, पैसे वसूल.

आठवड्याभरात एका वादळी रात्रीनंतर बघतो तर शंकू खांबावरून घसरून पाण्याला टेकलेला आणि पेटीत नुसती कवचं. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं. इथे बोका म्हणजे रकून, झाडावर चढून अंडी खाणारा इथला रानटी प्राणी. पत्र्याला ओरखडाही नव्हता. सगळा घोळ त्या प्लास्टिकच्या क्लॅम्पचा. वाऱ्यात शंकू छत्रीसारखा हलतो आणि दोन चिमुकले स्क्रू रोज केसभर ढिले होत जातात. 42 डॉलरची वस्तू आठ आण्यांच्या तुकड्यावर टांगलेली! कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, 30 दिवस उलटून गेलेत, पुढच्या खरेदीवर 10 टक्के सूट घ्या. म्हणजे पुन्हा तोच क्लॅम्प घ्या.

तेव्हा एकच तारा देणार होतो. रागाने दुसऱ्या पेटीच्या खांबाला हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला स्टोव्हपाइप (धुराड्याचा पत्र्याचा पाइप) चढवला, 6 इंच व्यासाचा, दोन फूट लांब, 14 डॉलर. कोकणात माडावर उंदीर चढू नयेत म्हणून बुंध्याला पत्रा गुंडाळतात, ते लहानपणी पाहिलेलं. म्हटलं, हे काय वेगळं? (कुणीतरी खांबाला ग्रीस फासायला सांगितलं होतं. उन्हात उतरतं, पक्ष्याच्या पिसांना लागतं. नकोच.)

जूनमध्ये दुसऱ्या पेटीचं झाकण उघडलं तर आत पाच फुटी काळा रॅट स्नेक वेटोळं घालून, पोटात तीन-चार फुगवटे. रकूनला पाइपाला मिठी मारून चढता आलं नाही, सापाला 6 इंची पाइप काहीच नाही. 8 इंची, त्याहून लांब हवा होता. मी चार डॉलर वाचवले होते.

म्हणून मत बदलतोय. पहिल्या पेटीवर तोच शंकू मी मेच्या सुरुवातीला परत चढवला होता: खाली स्टीलचे दोन होज क्लॅम्प (पाइप आवळायच्या पट्ट्या), दोन्ही मिळून चार डॉलरच्या आत, आणि खांब व शंकू यांच्यामधल्या फटीत जाळी कोंबून, कारण साप तिथूनही जातो. जूनच्या शेवटी त्या पेटीतून नऊ पिल्लं एकामागून एक पाण्यात उडी मारताना स्वतः पाहिली. कामावर पाऊण तास उशिरा पोचलो.

शंकूला चार तारे, क्लॅम्पला शून्य. दुसऱ्या पेटीसाठीही आता हाच शंकू घ्यावा लागणार. कूपनची मुदत डिसेंबरमध्ये संपली.