कॉटन रिबूट: सगळं छान, फक्त गोळ्या दिसू द्या

'कॉटन रिबूट' हा शूटिंग गेम वर्षभर खेळल्यावर परवा पुन्हा तेच झालं. बॉस, म्हणजे स्टेजच्या शेवटचा मोठा शत्रू, मरायला आलेला, स्क्रीनभर क्रिस्टल आणि आकड्यांचा पाऊस, आणि त्यातून आलेल्या एका गोळीने जीव घेतला. ती गोळी मला दिसलीच नाही. म्हणून आता सविस्तर लिहितोय.

झाडूवर बसलेली हावरट चेटकीण कॉटन, तिला विलोच्या गोड गोळ्यांचं आमिष दाखवणारी सिल्क परी, बॉस मेल्यावर आकाशातून पडणारे चहाचे कप, हे सगळं हा गेम शोधणाऱ्यांना माहीत असतंच. सक्सेस कंपनीचा मूळ आर्केड (नाणं टाकून खेळायचा) गेम १९९१ चा. २०२१ च्या या रिबूटमध्ये, म्हणजे नव्या अवतारात, दोन गोष्टी मिळतात: नव्याने रंगवलेला, रुंद स्क्रीनचा अरेंज मोड आणि १९९३ ची शार्पच्या एक्स ६८००० कॉम्प्युटरवरची जुनी आवृत्ती. तो कॉम्प्युटर जपानबाहेर विकलाच गेला नाही, त्यामुळे ही दुसरी गोष्ट किरकोळ समजू नका. का, ते पुढे येईलच.

आधी तक्रार. अरेंज मोडमध्ये शत्रू मेला की क्रिस्टल पडतो. त्या क्रिस्टलवर आपण गोळ्या मारल्या की त्या फुटून चहूकडे पसरतात, आणखी शत्रू मरतात, आणखी क्रिस्टल पडतात. प्रत्येक मरणाबरोबर पॉइंटचे आकडे उडतात. चार-पाच सेकंदांत स्क्रीनचा अर्धा भाग पिवळ्या-सोनेरी चमचमाटाने भरून जातो. दिवाळीच्या रात्री फटाक्यांच्या माळेत उदबत्तीचं टोक शोधावं, तशी शत्रूची गोळी शोधावी लागते. या प्रकारच्या गेममध्ये खेळाडूने काय करायचं असतं? गोळ्या बघायच्या आणि चुकवायच्या. तेवढंच जमू द्यायचं नाही, मग बाकीची रंगरंगोटी कितीही देखणी असो, मला ती पटत नाही. टीव्हीचा ब्राइटनेस कमी करून पाहिला, टीव्हीच्या अगदी जवळ बसून पाहिलं, कॉन्ट्रास्ट बदलला. काडीचा फरक पडला नाही. शत्रूच्या गोळ्यांभोवती एक काळी कड काढली असती तरी भागलं असतं.

शिवाय किंमत. मी खेळतो तो निन्टेंडोचा स्विच हा कन्सोल आपल्याकडे अधिकृतपणे विकला जात नाही, त्यामुळे अमेरिकेचं अकाउंट काढा, गिफ्ट कार्ड घ्या, त्यावर विकणाऱ्याचं कमिशन द्या. गेम ४० डॉलरचा. आणि एक डाव संपतो अर्ध्या-पाऊण तासात. कंटिन्यू (सगळे जीव गेल्यावर तिथूनच पुढे खेळायची संधी) भरपूर असल्यामुळे पहिल्याच संध्याकाळी शेवट बघून झाला. त्या रात्री मला कुणी विचारलं असतं, तर "अजिबात घेऊ नका" असंच सांगितलं असतं.

मत बदललं ते एक्स ६८००० मोडमुळे. चित्र चौकोनी, दोन्ही बाजूंना पट्ट्या, चमचमाट नाही. गडद पार्श्वभूमीवर गोळी स्वच्छ दिसते. मेलो तर का मेलो ते कळतं. इथे क्रिस्टलचा मूळ हिशोबही नीट समजतो: गोळ्या मारत राहिलं की क्रिस्टलचा रंग बदलतो. पिवळा उचलला तर अनुभव वाढतो आणि आपली गोळी ताकदवान होते, लाल उचलला तर आगीची जादू, निळा उचलला तर विजेची. म्हणजे प्रत्येक क्रिस्टल दिसला की क्षणात ठरवायचं, आत्ता उचलायचा की अजून दोन गोळ्या मारून रंग बदलायचा? तेवढ्यात खालून जमिनीवरचा शत्रू येतो, त्याच्यावर बॉम्ब टाकायचा असतो. जीव गेला की कमावलेली ताकदही घसरते, त्यामुळे पहिल्या स्टेजपासून जपून खेळावं लागतं. पहिल्यांदा एका कंटिन्यूवर निभावलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मला खरोखर आनंद झाला होता. १९९१ मध्ये एवढा विचार एका गोंडस दिसणाऱ्या शूटिंग गेममध्ये घातला होता, याचं मला फार कौतुक वाटतं.

तिथून अरेंजकडे परत गेलो तर तोही थोडा वेगळा वाटला. तिथे क्रिस्टल न उचलता हवेत झुलवत ठेवायचा आणि त्यातून गोळ्या पसरवायच्या, हा स्कोअरचा खेळ आहे. ज्यांना स्कोअरचं वेड आहे ते म्हणतात, चमचमाट हाच इनाम, गोळ्या पाठ होतात. दोन आणि पाच मिनिटांच्या टाइम अटॅकमध्ये (ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्कोअर करायचा मोड) मला त्यांचं म्हणणं पटतंसुद्धा. तेवढ्या वेळात डोळे थकत नाहीत आणि आकडे उडताना बघायला मजा येते. पण पूर्ण डाव एका जिवावर खेळायचा असेल, तर पाठांतर आणि नशीब यांवरच सगळं चालतं, आणि ते मला मान्य नाही. काही जुने खेळाडू तर अरेंजला हातही लावत नाहीत, सरळ एक्स ६८००० उघडतात. माझाही आता तोच शिरस्ता झालाय.

ज्यांनी लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर विमानं पाडली आहेत, त्यांना जुना मोड अर्ध्या तासात हाताला बसेल. लहान मुलांना मात्र अरेंजच द्या. माझी पुतणी चहाचे कप गोळा करताना अक्षरशः उड्या मारते, तिला गोळ्या दिसल्या काय नि नाही काय. जॉयकॉनच्या (स्विचसोबत येणाऱ्या छोट्या कंट्रोलरच्या) सुट्या बटणांवर तिरपं उडताना बोट अडतं, त्यामुळे अखंड डी-पॅड (दिशांचं अधिक-चिन्हासारखं एकच बटण) असलेला कंट्रोलर असेल तरच जुन्या मोडची खरी मजा.

पूर्ण किमतीला घेऊ नका. निम्म्या किमतीत आला तर डोळे झाकून घ्या, आणि आधी एक्स ६८००० मोड उघडा. कधी अपडेट आलाच, आणि त्यात चमचमाट कमी करायचं एक बटण दिलं, तर मी अरेंज मोडही पुन्हा पहिल्यापासून खेळेन.