५३० वरून ५२० वर: हलकी चेन कुणाला मानवते?

लिटर क्लासच्या (हजार सीसीच्या आसपासच्या) बाइकची चेन संपत आली की कुणीतरी सांगतंच, ‘आता ५२० टाक, गाडी पिसासारखी होईल.’ तशी ती होत नाही. पण सल्ला अगदीच फोल नाही, फक्त त्यामागचं कारण बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं.

आधी नंबर. पहिला ५ म्हणजे पिच, दोन पिनांमधलं अंतर: ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिमी. ५२०, ५२५, ५३० तिन्हींत ते एकच. बदलते ती आतली रुंदी: ५२० ची ६.३५ मिमी, ५२५ ची ७.९४, ५३० ची ९.५३. पिच सारखं असल्यामुळे एक घोळ होतो. ५३० ची चेन ५२० च्या स्प्रॉकेटवर (चेन ज्यावर चढते त्या दातेरी चाकावर) बसते, फिरतेसुद्धा, पण आडवी डुलत राहते. उलट ५२० ची चेन ५३० च्या जाड दात्यांवर उतरतच नाही. म्हणून बदलायचं तर चेन आणि पुढचं-मागचं दोन्ही स्प्रॉकेट एकदमच.

वजन किती वाचतं

चांगल्या सीलबंद (पिनांतलं ग्रीस रबरी कड्यांनी अडवलेल्या) ५३० चे १०० लिंक दोन किलोच्या थोडे वर भरतात, ५२० चे दीड-पावणेदोन किलो. चेनमध्ये अर्धा किलोच्या आसपास सुटतं. त्याहून जास्त सुटतं ते मागच्या स्प्रॉकेटमध्ये, तेही स्टीलऐवजी अॅल्युमिनियम घेतलं तरच. सगळं मिळून दीड किलो धरू.

आता ‘फिरतं वजन दुपटीनं मोजायचं’ हे पालुपद. ४५ दात्यांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या ११.४ सेंमी, मागच्या टायरची ३१-३२. म्हणजे बाइकच्या तुलनेत चेन रस्त्याच्या वेगाच्या जेमतेम ३६ टक्के वेगानं फिरते आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानं मोजली जाते. चेनमधला एक किलो फिरण्यामुळे वाढून होतो फक्त १.१३ किलो. दुप्पट वगैरे काही नाही. तो हिशोब रिम आणि टायरला लागू होतो. स्प्रॉकेटचं बहुतेक धातू तर चेनपेक्षाही आत असतं. थोडक्यात, टाकीत सव्वादोन लिटर पेट्रोल कमी असलं तर पिकअपमध्ये जेवढा फरक पडेल, तेवढाच इथे.

एक फायदा मात्र खरा आहे. मागचं स्प्रॉकेट सस्पेन्शनच्या खालच्या बाजूला, चाकाबरोबर वरखाली होतं. तिथलं किलोभर वजन गेलं तर खडबडीत वळणात मागचं चाक रस्त्याला थोडं बरं चिकटतं. रेस ट्रॅकवर हे जाणवू शकतं. रोजच्या रस्त्यावर जाणवतं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

मग बाइक ‘चपळ’ का वाटते?

कारण किट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटचा संच) घेताना बहुतेक जण दातेही बदलतात! १७/४३ (पुढे १७ दाते, मागे ४३) चा रेशो २.५३. पुढे एक दाता कमी केला, १६/४३, की २.६९, म्हणजे सव्वासहा टक्के वाढ. मागे तीन वाढवले, १७/४६, की सात टक्के. प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकाला तेवढा जोर जास्त. दीड किलो वजनाचा परिणाम याच्यापुढे अर्ध्या टक्क्याच्या घरात. शाबासकी चेनला मिळते, काम दात्यांचं असतं.

त्याची किंमतही आहे. ज्या वेगाला इंजिन ५००० आरपीएमवर असायचं, तिथे आता ५३०० वर. लांबच्या प्रवासात हातांना कंप आणि पेट्रोलचा खर्च, दोन्ही वाढतात. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर काटा तेवढाच खोटं बोलू लागतो. चाकावर असेल तर प्रश्न नाही.

फक्त चपळपणा हवा असेल आणि जुना सेट धडधाकट असेल, तर ५२० च्या वाटेला जाऊच नका. मूळ मापाचं एक दाता कमी असलेलं पुढचं स्प्रॉकेट घ्या. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मवरची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरची) रबरी पट्टी लवकर झिजते, म्हणून एकाच्या पुढे जाऊ नये. मागे दाते वाढवणं चेनला सुखाचं, पण तीन दाते वाढले की तेवढ्याच लिंकमध्ये अॅक्सल (मागच्या चाकाचा आस) सुमारे १२ मिमी पुढे सरकवावा लागतो. जागा नसेल तर दोन लिंक जास्तीचे घ्यायचे.

तुटेल का?

सगळ्यात जास्त भीती हीच, आणि सगळ्यात कमी कारण असलेली. ११० न्यूटन-मीटरचं इंजिन पहिल्या गिअरमध्ये पूर्ण उघडलं तर १७ दात्यांच्या स्प्रॉकेटवर चेनला साधारण १० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे टनभर ओढ बसते. तेवढी बसण्याआधी बहुधा पुढचं चाक हवेत जातं. मोठ्या बाइकसाठी बनवलेली ५२० ची चेन ३५ किलोन्यूटनच्या आसपास तुटते. साधी, लहान बाइकची ५२० पुष्कळ आधी. म्हणून नंबरापेक्षा दर्जा बघा, आणि डब्यावर कंपनीनं किती सीसीपर्यंत शिफारस केली आहे ते वाचा.

खरी तडजोड झिजेत आहे. चेन ‘ताणली’ म्हणतो तेव्हा पोलाद ताणलेलं नसतं, पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासून झिजलेले असतात. ५२० मध्ये ती घासणारी जागा अरुंद, ओढ तीच, त्यामुळे आयुष्य कमी. मोजायला सोपं आहे: २० लिंकचं मूळ माप ३१७.५ मिमी. ते ३२०.७ पर्यंत गेलं म्हणजे एक टक्का वाढ. सीलबंद चेनला तिथे रामराम करावा.

अॅल्युमिनियम स्प्रॉकेट स्टीलच्या मानानं लवकर दाते टोकदार करून बसतं, धूळ-चिखलात तर फारच लवकर. मधला मार्ग आहे: बाहेरची दात्यांची कडी स्टीलची, आतला भाग अॅल्युमिनियमचा. रस्त्यावर चालवणाऱ्यानं ५२० घ्यायचंच ठरवलं असेल तर मी हेच सुचवेन. पूर्ण स्टील घेतलं तर वजन वाचवण्याचा अर्धा मुद्दाच गेला.

तेव्हा, ट्रॅकवर नियमित जाणारा असाल तर ५२० बेलाशक घ्या. प्रत्येक सर्किटला दाते बदलायचे तर या मापात स्प्रॉकेटची निवडही मोठी मिळते. मागे कुणाला बसवून, सामान बांधून हजारो किलोमीटर जाणार असाल तर मूळ मापच बरं. दोन्ही करणाऱ्यानं ५३० वरून ५२५ वर यावं. यामाहानं २०१५ च्या आर१ ला कारखान्यातूनच ५२५ दिली, त्याआधी ती ५३० वर होती. आणि सुझुकीच्या हायाबुसासारखं जड धूड असेल तर ५३० ला हात न लावलेलाच बरा.

बसवताना पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटची रेषा सरळपट्टी लावून तपासा. ५२० चं स्प्रॉकेट पातळ असल्यानं एका बाजूला सरकलेलं असू शकतं, म्हणून दोन्ही एकाच किटमधली घेतलेली बरी. मूळ पुढच्या स्प्रॉकेटला रबराचा थर असेल आणि नव्याला नसेल, तर चेनचा आवाज वाढेल, घाबरू नका. जोडलिंक (चेनची दोन टोकं जोडणारा लिंक) मात्र रिव्हेटचाच घ्या, क्लिपचा नको. रिव्हेट ठोकल्यावर तो लिंक बोटांनी वाकवून बघा. शेजारच्या लिंकइतका सहज वाकला नाही, तर प्लेट जास्त दाबली गेली आहे.