स्टेप चुकतायत: मोटर मोठी घ्यावी, व्होल्टेज वाढवावं की क्लोज्ड लूप?

अक्षरांचा पहिला पास सुंदर उतरतो आणि दुसरा पास अर्धा मिलिमीटर बाजूला कोरला जातो. घरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने लाकूड कोरणारं मशीन, बांधलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. त्याच्या स्टेपर मोटरी ठरलेल्या छोट्या पावलांनी, म्हणजे स्टेपनी, फिरतात; काही स्टेप हुकल्या की असं होऊ शकतं. अशा वेळी तीन सल्ले हमखास मिळतात: मोठी मोटर बसव, पॉवर सप्लाय बदल, नाहीतर क्लोज्ड लूप, म्हणजे आपलं फिरणं मोजून चूक सुधारणारी मोटर, घे. तिन्ही उपाय चालतात, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे. म्हणून पाकिटाला हात घालण्याआधी डायल गेज (बारीक सरक दाखवणारं काट्याचं माप) लावा.

गेज टेबलावर पक्कं करा, गॅन्ट्री (स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, वाहणारा सरकता पूल) एकाच बाजूने टेकवा, शून्य करा. मग स्पिंडल बंद ठेवून जोरात वीस-पंचवीस फेऱ्या मारा आणि त्याच बाजूने परत येऊन टेका. एकाच बाजूने टेकल्यामुळे बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) हिशेबातून बाहेर पडतो. आता काटा किती सरकला ते बघा. नेहमीची १.८ अंशांची स्टेपर मोटर ताल चुकली की कुठेही थांबत नाही, ती चार फुल स्टेपच्या पटीतच घसरते. फेऱ्याला २०० स्टेप, म्हणजे घसरण्याच्या जागा ५०. बॉलस्क्रूची लीड, म्हणजे एका फेऱ्यात अक्ष सरकतो ते अंतर, ५ मिमी असेल तर चूक ०.१, ०.२, ०.३ अशीच येणार. ८ मिमी लीडच्या स्क्रूवर ०.१६ च्या पटीत, आणि बेल्टच्या मशीनमधल्या २० दात्यांच्या जीटी२ पुलीवर थेट ०.८ च्या पटीत. मायक्रोस्टेपिंग (मोटर चालवणारा ड्रायव्हर एका स्टेपचे करतो ते बारीक तुकडे) कितीही ठेवा, हा हिशेब बदलत नाही.

गेज ०.३७ दाखवत असेल तर मोटरवरचा संशय कमी करा. माझ्या वाय अक्षावर नेमकं तेवढंच येत होतं, आणि मी मात्र आकड्याचा विचार न करता १.९ न्यूटन-मीटरची मोटर काढून ३ ची बसवली. फरक शून्य. शेवटी कपलर (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) आणि स्क्रूच्या टोकावरून मार्करने एक सरळ रेघ ओढली आणि दहा मिनिटं मशीन पळवलं. रेघेचे दोन तुकडे झाले होते, एक कपलरवर, दुसरा स्क्रूवर, मध्ये नखाएवढी फट. कपलर आवळणारा ग्रब स्क्रू गोल दांड्यावर नुसता टेकलेला होता. दांड्यावर कानशीने छोटा सपाट भाग केला, थ्रेडलॉक लावलं, विषय मिटला.

आणखी एक चूक तिन्ही खरेद्यांना दाद देत नाही. सरळ लांब कटमध्ये सगळं ठीक, पण सतत मागे-पुढे होणाऱ्या नक्षीत अक्ष हळूहळू एकाच दिशेला सरकतो. इथे डायरेक्शनचा सिग्नल आणि स्टेपचा पल्स एकमेकांच्या पायात येतात आणि दर उलटसुलट फेरीला एक मायक्रोस्टेप हरवते. मिलिमीटरला ३२० पल्स असतील तर ती ०.००३ मिमी होते, पण २०० फेऱ्यांनंतर सहा दशांशांपर्यंत साठते. पल्सची पोलॅरिटी उलटी करून पाहा. जीआरबीएल या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी २ नंबरचं सेटिंग आहे. आणि स्पिंडल चालू केल्यावरच गडबड होत असेल तर केबलचं शील्डिंग आणि अर्थिंग बघा, मोटरला बोल लावू नका.

हे सगळं निस्तरूनही चूक ०.१ च्याच पटीत येत असेल, तर मग निवड करायची वेळ आली. त्याआधी एक फुकटची चाचणी करा: जीआरबीएलमधली १२० ते १२२ नंबरची अ‍ॅक्सिलरेशनची सेटिंग्ज निम्मी करा. निम्म्या लोकांचं काम इथेच भागेल असं माझं मत आहे. जॉबला थोडे जास्त मिनिटं लागतील, एवढंच.

मोठी मोटर हा सगळ्यांचा आवडता उपाय, आणि मला सर्वांत कमी पटणारा. पेटीवर छापलेला होल्डिंग टॉर्क मोटर उभी असतानाचा असतो. १ न्यूटन-मीटर टॉर्क ५ मिमी लीडच्या बॉलस्क्रूवर साधारण ११०० न्यूटनचा जोर देतो, म्हणजे शंभर किलोच्या वर. लाकूड कापायला एवढा जोर लागतो कुठे? अडचण वेगात येते. ५००० मिमी प्रति मिनिटाच्या रॅपिडला, म्हणजे न कापता होणाऱ्या जलद हालचालीला, तोच स्क्रू मिनिटाला १००० फेरे घेतो आणि तिथे टॉर्क बराच गळालेला असतो. नेमा २३ या मोटरच्या तोंडाच्या ठरलेल्या मापातच लांब मोटर घेतली की रोटर जड होतो, बहुधा इंडक्टन्सही (कॉइलचा करंट बदलायला होणारा विरोध) वाढतो, आणि तुमच्याच २४ व्होल्टवर ती रॅपिडमध्ये जुनीपेक्षा आधी दम टाकू शकते. बेल्टवाल्यांची गोष्ट वेगळी. त्याच १ न्यूटन-मीटरमधून २० दात्यांच्या पुलीवर जेमतेम १५७ न्यूटन मिळतात, तिथे मोठी मोटर खरंच कामाला येते. तसंच कट सावकाश आणि जड असेल, आणि चूक कटमध्येच होत असेल, तरीही.

रॅपिडमध्ये स्टेप जात असतील तर व्होल्टेज वाढवा. कॉइलमध्ये करंट किती लवकर भरतो हे व्होल्टेजवर ठरतं. २४ वरून ३६ व्होल्टवर गेलं की टॉर्क गळायला लागण्याचा वेग सुमारे दीडपट पुढे जातो. हळू वेगातला जोर तेवढाच राहतो, कारण तो करंटवर ठरतो. एक सप्लाय बदलायचा, ड्रायव्हरवरच्या डिप स्विचनाही हात लावायचा नाही. फक्त हाव धरू नका: डीएम५४२ या ड्रायव्हरची मर्यादा ५० व्होल्ट आहे आणि जड गॅन्ट्री झटक्यात थांबताना मोटरच सप्लायकडे व्होल्टेज परत ढकलते. ४८ वर चालवणारे आहेत, मी ३६ वर थांबतो.

क्लोज्ड लूपची कीर्ती सर्वांत मोठी आहे, आणि गैरसमजही. त्यातला एन्कोडर, म्हणजे दांड्याचं फिरणं मोजणारा सेन्सर, १००० रेघांचा असला तर फेऱ्याला ४००० मोजण्या मिळतात. ड्रायव्हर मोटरला ताल चुकू देत नाही, भार असेल तेवढाच करंट देतो, त्यामुळे मोटर थंड राहते. पण एन्कोडर मोटरच्या दांड्यावर बसलेला असतो. माझा तो सैल ग्रब स्क्रू त्याला जन्मात दिसला नसता. नटातला बॅकलॅशही दिसत नाही. जीआरबीएलला एन्कोडर वाचताच येत नाही, हिशेब सगळा ड्रायव्हरच्या आत. म्हणून चूक आवरता आली नाही की ड्रायव्हर देतो त्या अलार्मची वायर कंट्रोलरपर्यंत नेणं हा या खरेदीचा अर्धा भाग आहे. ती न जोडता एक अक्ष अलार्मवर गेला तर बाकीचे दोन निवांत कापत राहतात आणि माल वाया जातो. वायला दोन मोटरी असतील तर एकीच्या अलार्मने दोन्ही थांबल्या पाहिजेत, नाहीतर गॅन्ट्री तिरकी होऊन अडकते.

सहा-सहा तासांचे जॉब लावून तुम्ही दुसऱ्या खोलीत जात असाल, किंवा महागडा माल कापत असाल, तर क्लोज्ड लूप घ्या. हौसेखातर, समोर उभं राहून काम करणाऱ्याला ३६ व्होल्ट आणि मवाळ अ‍ॅक्सिलरेशन पुरतं.

झेडचा विचार मात्र वेगळा करा. स्पिंडल वर उचलताना स्टेप गेल्या की पुढची प्रत्येक डुबकी आधीपेक्षा खोल जाते, म्हणून क्लोज्ड लूप एकाच अक्षाला घ्यायचं असेल तर तो झेड असावा असं वाटतं. पण अलार्म आल्यावर बरेच ड्रायव्हर मोटर मोकळी सोडतात, आणि बॉलस्क्रूवरचं जड स्पिंडल आपल्याच वजनाने खाली येतं, फिरत्या बिटासकट. ब्रेकवाली मोटर किंवा गॅस स्प्रिंग आधी, क्लोज्ड लूप नंतर. माझा झेड अजून ओपन लूपच आहे, रॅपिड १५०० वर बांधून ठेवलेला.