ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं : रबाळे एमआयडीसीतल्या गॅरेजचा अनुभव

गाडी टोयोटाची हायलक्स पिकअप, २०२२ची. गेल्या दिवाळीत वाशीच्या एका व्हीलवाल्याकडून बाहेरचे (कंपनीचे नसलेले) अलॉय व्हील टाकले. दिसायला एकदम भारी. पहिले तीन महिने काही त्रास नाही, नंतर सायन-पनवेल हायवेला ८०ला ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. सुरुवातीला जरासं, मग इतकं की माळशेज उतरताना बायको म्हणाली, गाडी बाजूला घे, मला भीती वाटतेय. आमचं गाव ओतूरजवळ, महिन्यातून दोनदा तो घाट उतरायचाच असतो, मागे मुलं बसलेली, त्यामुळे हा विषय चालढकल करण्यातला नव्हताच.

व्हीलवाल्याकडे गेलो, त्याने बॅलन्सिंग केलं. पुन्हा गेलो, पुन्हा बॅलन्सिंग. तिसऱ्यांदा म्हणाला, व्हीलचा काही दोष नाही, तुमच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या) वाकल्यात, डिस्क आणि पॅड (ब्रेक मारला की डिस्कला दाबतात ते) दोन्ही बदला. दुसऱ्या एका ठिकाणीही तेच, १४ हजारांचं एस्टिमेट हातात, आणि गाडीचं चाक कोणी खोललंसुद्धा नाही. मला राग याचाच येतो. न मोजता पार्ट बदलायला सांगतात.

मग ऐरोलीच्या एका टेम्पोवाल्या मित्राने रबाळेच्या या गॅरेजवाल्या दादांकडे पाठवलं. नाव-नंबर टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, एकटेच काम करतात, सोबत एक मुलगा, फोन उचलायला वेळ नसतो. एका लेथवाल्याच्या शेजारचा गाळा, एवढीच खूण सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी बॉनेट उघडलं नाही की जॅक लावला नाही, आधी प्रश्न विचारले. ब्रेक न मारता थरथरतं का? हातात जाणवतं की सीटखाली? गाडी गरम झाल्यावर वाढतं का? मग स्वतः शेजारी बसले, ठाणे-बेलापूर रोडला नेलं. आत एमआयडीसीत रिकाम्या सरळ रस्त्यावर ४०च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूच ओढायला लावला. काहीच थरथर नाही. म्हणाले, हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर असतो, म्हणजे मागचं ठीक आहे, आपला चोर पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी जुनी कंपनीची चाकं घेऊन या म्हणाले. नशीब, मी ती विकली नव्हती, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पडून होती. ती लावून परत चक्कर मारली, आणि इथेच सगळं उलगडलं. ९५-१०० ला ब्रेक न मारताही जी बारीक थरथर यायची (मी इतके दिवस तिला रस्त्याचा दोष देत होतो) ती गायब, पण ब्रेकची थरथर तशीच. म्हणजे दुखणी दोन होती, एक नाही. नुसती ब्रेकची थरथर बघितली असती तर व्हीलवाल्याचं म्हणणं खरंच वाटलं असतं, की चाकं काढली तरी थरथरतंय, मग चाकांचा काय संबंध.

संबंध होता. वेगातली थरथर अशी, की गाडीच्या हबचा (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) गोल १०६ मिलिमीटरचा आणि नवीन व्हीलचं मधलं भोक ११०चं. सगळीकडून २ मिलिमीटर मोकळं. अशा व्हीलला मधोमध बसवायचं काम फक्त कोनवाले (निमुळत्या टोकाचे) नट करतात, तेही चाक हवेत असताना हाताने फिरवून, समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले तरच. माझ्या डोळ्यांसमोर त्या दुकानातल्या पोरांनी गाडी खाली सोडून एअर गनने गोल गोल एकामागोमाग एक नट ठोकले होते. दादांनी पाना लावला तेव्हा डाव्या चाकाचे दोन नट पाईप लावून अंगाचं वजन टाकल्यावर सुटले आणि तिसरा एका हाताने फिरला. मी स्वतः फिरवून बघितला.

ब्रेकचं कारणही त्यातूनच निघालं. डाव्या डिस्कला डायल गेज (डिस्क किती डगमगते ते मोजणारं काट्याचं मीटर) लावून फिरवली तर काटा ०.१२ मिलिमीटर हलत होता. डिस्क काढली, तर मागे हबच्या तोंडावर नखाच्या टोकाएवढा गंजाचा पोपडा दाबून अगदी चपटा झालेला, आणि त्याच जागी डिस्कच्या आतल्या बाजूला चकचकीत ठिपका. अंदाज असा की जुनं चाक निघेना म्हणून हातोड्याने ठोकलं असणार, तेव्हा तो आत गेला. वरून नट असे कमी-जास्त आवळलेले, त्यानेही डिस्कवर तिरका ताण येतो.

आता हे तीन महिन्यांनी का कळलं, तर डिस्क तिरकी बसली म्हणून लगेच थरथरत नाही. प्रत्येक फेऱ्याला तीच जागा पॅडला घासते आणि हजारो किलोमीटरमध्ये तेवढीच जागा पातळ होते. मग ब्रेक दाबला की पॅड जाड-पातळ-जाड असं जातं आणि तो धक्का स्टिअरिंगला येतो. डिस्क वाकली असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, जाडी बदललेली असते. आणि त्याला १५-२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरकही पुरतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाव भाग. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजून मला आकडे वहीत लिहून दाखवले, डावीला ३० मायक्रॉनचा फरक, उजवीला ८.

काम असं केलं, की हबची तोंडं तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने लख्ख केली, व्हीलच्या मागच्या बाजूला रंगाचे जाड थर होते ते काढले, डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो तो बघूनच दोन्ही डिस्क लेथवर हलक्या हाताने फेसिंग करून (घासून सपाट करून) घेतल्या. परत बसवल्यावर डावीचा काटा ०.०३. चारही व्हीलसाठी शेजारच्याच लेथवर ॲल्युमिनियमच्या हब रिंग (हब आणि व्हीलमधली ती फट भरणाऱ्या) करून घेतल्या. शेवटी नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), मॅन्युअलमधला आकडा बघून, समोरासमोरच्या क्रमाने आवळले. एअर गन हातात घेतलीच नाही.

सगळे मिळून ४,३०० रुपये. नवीन डिस्क नाही, पॅडही जुनेच, फक्त घासून घेतले.

व्हील विकत घेण्याआधीच कोणीतरी सांगायला हवी होती, अशी एक गोष्ट दादांनी सांगितली. माझ्या व्हीलचा ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते माप) कंपनीपेक्षा बराच कमी आहे, चाक बाहेर आलंय, त्यामुळे पुढे डिस्कमध्ये जरा जरी खोट आली तरी स्टिअरिंगला ती कंपनीच्या चाकांपेक्षा जास्त जाणवणार. ते रिंग लावून जात नाही. मी अलॉय ठेवलेत, पण हे माहीत असतं तर दुसरा सेट घेतला असता.

तक्रार करायची तर वेळेची. दोन अख्खे दिवस गेले, बसायला जागा नाही, उन्हात उभं राहावं लागतं आणि गल्लीत ट्रेलर आला की गाडी हलवा. पक्कं बिल मागितलं तर वहीच्या पानावर लिहून देतात. तरी माझ्याकडून पाचपैकी पाच.

१०० किलोमीटर झाल्यावर नट तपासायला परत या असं बजावलं होतं. गेलो, पैसे घेतले नाहीत, आणि चोवीसपैकी एक नट खरंच थोडा फिरला. परवा माळशेज उतरलो, बायको मागे मुलांशी गप्पा मारत होती, ब्रेककडे लक्षही नव्हतं तिचं. जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, शुक्रवारी बंद असतं, आणि जुनी चाकं असतील तर सोबत न्या.